भोगीच्या सकाळची कविता

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
१६ जानेवारी १९७६

चि. नीला हिस अक्काचे अनेक आशीर्वाद.

सोबत तुझा तिळगूळ आणि तुझं वाण. तिळगूळ म्हणजे पाकिटात मावतील एवढे चिमूटभर तीळच, बाकीचा येशील तेव्हा. संक्रांत होऊन गेली हे मला कळतं, पण रथसप्तमीपर्यंत पोचलं म्हणजे पोचलं, असं तुझी आई आणि माझी आई दोघी म्हणायच्या, आणि दोघी बहिणींचं एकमत होणाऱ्या ज्या दोन-चार गोष्टी होत्या त्यांतली ही एक.

गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, भरलाय. अक्कलकोटकडचे पाहुणे चार दिवस राहून काल गेले. घर रिकामं झालं तरी मला एका जागी बसवत नाही. पाट मांडते, उठते, गॅलरीत जाते, कशाला आले ते ध्यानात येत नाही म्हणून परत येते. हे म्हणतात, "पायाला भिंगरी लागलीय तुझ्या. त्यापेक्षा गड्ड्यातल्या पाळण्यात तरी बसून ये, पैसे वसूल होतील."

यंदा एकतीस जणांना कविता लिहिल्या. आमच्या कस्तुरीने पाकिटं चिकटवून दिली. मोठी गुणाची सून आहे, पण पाकिटं चिकटवताना माझ्याकडे बघत नव्हती. चन्नवीरशी काही बिनसलं असेल, मी विचारलं नाही. गल्लीतल्या बायका फण्या आणि वाट्या लुटतात, आणि आपण कागद. ही खोड कॉन्व्हेंटची. नाताळच्या आधी सिस्टर आग्नेस नावांच्या चिठ्ठ्यांची टोपली फिरवायच्या. जिचं नाव हाती येईल तिच्यासाठी आठ ओळी, स्वतःच्या अक्षरात. विकतची भेट चालायची नाही. एका वर्षी तुला माझंच नाव आलं, आणि तू रडून रडून माझ्याकडूनच आठ ओळी लिहून घेतल्यास. माझी भेट मीच लिहिली आणि वर्गापुढे उभं राहून तुझे आभारही मीच मानले.

तुला म्हणून सांगते, गेली दोन-तीन वर्षं ओळी विहिरीतून ओढून काढाव्या लागत होत्या. कागद पुढे घेऊन तासतासभर बसायची. पण तुझी यंदाची कविता तशी नाही. भोगीच्या सकाळी ती एका बैठकीत आली. एक शब्द खोडला नाही. किती वर्षांनी मला इतकं हलकं वाटलं.

शाळेची घंटा होण्याआधी
तुझी वेणी मी घालत असे;
घाईत सुटल्या एका पेडाला
रिबीन तुझीच पुरत नसे.
तू दूर गेलीस, बोटांत माझ्या
त्याच पेडांची गुंफण राहते;
लेकीची वेणी घालता घालता
पाठमोरी मी तुलाच पाहते.

कशी वाटली ते लगेच कळव. मी पोस्टमनची वाट पाहते आहे.

तुझी,
दाक्षायणी

*

कुर्डुवाडी
२२ जानेवारी १९७६

ती. अक्कास नीलाचा नमस्कार.

वाण मिळालं. तीळ पोस्टाने खाल्ले, पाकिटातून मोजून चार निघाले.

कविता वाचली. चांगली आहे. पंधरा वर्षांपूर्वी पाठवली होतीस तेव्हाही चांगली होती.

अक्का, वेळ नव्हता तर दोन ओळींचं कार्ड टाकायचंस. मी काही रुसणार नव्हते. एकतीस माणसं म्हणजे थोडी नाहीत. तुमच्या सोलापुरात एका मागावर चाळीस चादरी निघतात आणि चाळीसही चादरींवर तोच मोर असतो. त्याला कोणी नाव ठेवत नाही, कारण चादर पांघरायची असते, वाचायची नसते. पण तू मला आजवर सांगत आलीस की माझी कविता फक्त माझी. माझ्या डब्यात तुझे सत्तावीस कागद आहेत. मुली मला चिडवतात, "आईची इस्टेट" म्हणून.

कविता आली की मी ती यांना मोठ्याने वाचून दाखवते, हा आमच्या घरचा रिवाज तुला ठाऊक आहे. रेल्वेच्या वर्कशॉपात तीस वर्षं घण ऐकून यांचे कान गेले. मी दुसऱ्या कडव्यावर आले तर हे म्हणाले, "ही मागे ऐकलीय." ज्यांना दाराची कडी ऐकू येत नाही त्यांनी ओळखली. मला यांच्यापुढे कसं झालं असेल?

बरं, जुनी पाठवलीस तर पाठवलीस. "भोगीच्या सकाळी एका बैठकीत आली, एक शब्द खोडला नाही" हे कशाला लिहायचं? तेवढं मनाला लागलं. अकरा महिन्यांनी मोठी आहेस म्हणून जन्मभर अक्का म्हणत आले. अक्काने थाप मारू नये.

बाकी सर्व क्षेम.

नीला

*

सोलापूर
२७ जानेवारी १९७६

चि. नीला हिस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी वाटलं, हे दुसऱ्या कुणाला लिहिलेलं असावं.

मी थाप मारत नाही. तुला काय, कुणालाच मारलेली नाही. तुझ्या डब्यात वेणीवरची दुसरी एखादी कविता असेल. वेणी, रिबीन, घंटा हे मी कितीदा लिहिलं असेल. माढ्याहून तू आमच्याकडे शिकायला आलीस तेव्हापासून शाळा सुटेपर्यंत तुझी वेणी मीच घातली, तर कवितेत दुसरं काय येणार? तुला ती आणि ही एकच वाटली असेल. भावजींच्या कानांचा पुरावा तू मला देऊ नकोस.

ही कविता कशी आली ते मला आत्ता घडल्यासारखं आठवतं. भोगीची सकाळ होती. बाजरीच्या भाकऱ्यांना तीळ लावून झाले होते. सुमंगला न्हाऊन आली, केस ओले, माझ्यापुढे पाठ करून बसली. हलू नकोस म्हटलं तरी हलत होती. मी मधला पेड घेतला आणि पहिल्या दोन ओळी आल्या. तिची वेणी तशीच अर्धी टाकून मी कागद आणायला उठले, तर ती ओरडली, "आई, माझी वेणी सुटली." खिडकीतून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. याहून जास्त काय सांगू? अशी सकाळ कुणी रचून सांगतं का?

लहानपणी भांडलो की आपण कन्नडमध्ये भांडायचो, आणि मिटलं की मराठीत बोलायचो. लिहायला आपल्याला मराठीच शिकवली, म्हणून पत्रात नीट भांडता येत नाही. नाहीतर तुला ऐकवलं असतं.

आता झोप लागत नाही. तू तो डबा नीट पाहा आणि चुकलीस तर चुकले म्हणून कळव.

दाक्षायणी

*

कुर्डुवाडी
२ फेब्रुवारी १९७६

ती. अक्कास नमस्कार.

डबा नीट पाहिला. सोबत जोडलेला कागद तू पाहा. म्हणून हे पत्र रजिस्टर केलं आहे.

वाण परत करत नाहीत हे मला तुझ्याइतकंच ठाऊक आहे. परत करत नाही, दाखवायला पाठवते. पाहून झाला की मला हवा आहे.

सुमंगला बेळगावहून माहेरी आली होती हे तू कळवलं नाहीस. भोगीला ती सोलापुरात होती तर मावशीला भेटायला दोन तासांच्या गाडीने आली असती की नाही? का तिलाही आता मावशी जड झाली? आणि लग्न झालेली चोवीस वर्षांची बाई आईकडून वेणी घालून घेते, वर ओरडते, हे ऐकून गंमत वाटली. माझ्या मुली मला त्यांच्या केसांना हात लावू देत नाहीत.

नीला

*

(पोस्टकार्ड)

सोलापूर, ९ फेब्रुवारी

रजिस्टर मिळालं. अक्षर माझंच आहे. सवडीने लिहीन.

दा.

*

कुर्डुवाडी
४ मार्च १९७६

ती. अक्कास नीलाचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या कार्डाला महिना होत आला. त्यानंतर मी दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. तू असं कधी केलेलं नाहीस. बाळंतपणातसुद्धा तू मला पत्र लिहिलं होतंस, त्यावर डिंकाच्या लाडवाचा डाग होता.

माझं डोकं तापट. वर्कशॉपचा भोंगा जसा वेळ झाली की वाजतो, तशी मी वाजते, मग मागाहून कळतं की आज सुटी होती. एका कवितेसाठी मी तुला काय काय बोलले. कागद जुना असला म्हणून काय झालं? देवळात रोज तेच फूल वाहतो ना आपण? आणि खरं सांगायचं तर मी पुन्हा विचार केला. ती ६१ सालची कविता आणि ही, यांत फरक असेलही. मी घाईत वाचलं असेल. तू पाठवलेली आता सापडत नाही, त्यामुळे ताडून पाहता येत नाही. मीच चुकले असं धरून चाल.

इकडे सर्व ठीक. यांना कानाचं यंत्र आणलं. ते लावल्यापासून म्हणतात, घरात एवढी बडबड होते हे माहीत नव्हतं, आणि काढून ठेवतात.

तू कशी आहेस तेवढं लिही. जेवतेस ना?

तुझी,
नीला

*

सोलापूर
२१ मार्च १९७६

चि. नीला हिस अनेक आशीर्वाद.

तुला खोटं लिहिता येत नाही. सत्तावीस वर्षांचे कागद घडी न मोडता ठेवणारी तू, यंदाचाच तेवढा हरवलास होय? आणि सुमंगलाचंही पत्र आलं. "मावशीने मला विचारलं, मी भोगीला सोलापुरात होते का. तिला असं का वाटलं?" म्हणजे तू तिच्याकडे चौकशी केलीस, तिचं उत्तर आलं, आणि मग तू मला "मीच चुकले" म्हणून लिहिलंस. असो.

ती आली नव्हती. दिवाळीनंतर ती आलेलीच नाही.

तुझा कागद आला त्या दुपारी घरात मी एकटी होते. कोपऱ्यात तारीख होती, १३ जानेवारी १९६१. शाई निळी, टाकाने लिहिलेलं. मी आधी वाचलाच नाही. डोळे मिटून माझी यंदाची कविता म्हटली, मग डोळे उघडून पुन्हा म्हणत बोट कागदावर फिरवत गेले. स्वल्पविराम चुकला नाही. सुमंगला तेव्हा नऊ वर्षांची. ओले केस, ऊन, "आई, माझी वेणी सुटली", सगळं खरं आहे. फक्त ती सकाळ पंधरा वर्षांपूर्वीची, आणि माझ्या डोक्यात ती यंदा उजाडली.

मग मी कस्तुरीला म्हटलं, तुला दिलेल्या कविता आण. ती लग्न होऊन आली त्याला तीन संक्रांती झाल्या. उगाच म्हणाली, ट्रंकेत खाली आहेत, उद्या काढते. मी म्हटलं, आत्ता. तिने पातळांच्या घडीतून तीन कागद काढून दिले. तिन्ही एकच. नव्या सुनेच्या पैंजणांवरची. तिन्हींखाली वेगवेगळं साल आणि तीच मी.

"आत्या, मला वाटलं तुमची आवडती असेल ती," म्हणाली आणि रडायला लागली. मग हळूहळू बाहेर आलं. दुसऱ्या वर्षी ती ह्यांना विचारायला गेली होती. ह्यांनी सांगितलं, "बोलू नकोस. तिला वाईट वाटेल." चन्नवीरलाही ठाऊक. शेजारच्या सुंदरम्मालाही ठाऊक. यंदा पाकिटं चिकटवताना ती खाली मान घालून होती ती यासाठी.

रात्री ताट वाढताना मी ह्यांना विचारलं. ह्यांनी भाकरी मोडली, चटणी लावली, घास घेतला नाही. म्हणाले, "माणूस थकतं. त्यात काय एवढं."

आमच्या रंभाबाईलाही मी दर संक्रांतीला कविता देते, भांडी घासून झाली की तिला वाचून दाखवते. तिला विचारलं. ती हात पुसत म्हणाली, "बाई, मागल्या साली बी हीच व्हती की. त्येच्या मागल्या साली बी. मला वाचाया येत न्हाय, पर ऐकाया येतंय." मग बोलली का नाहीस, विचारलं, तर म्हणते, "तुमी लई खुशीत वाचत व्हता."

नीला, तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. तीन वर्षं मी या घरात चालत होते आणि ही सगळी माणसं माझ्यापुढचे खडे गुपचूप उचलत होती. वाईट कुणीच नाही. म्हणूनच भांडता येत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तर कस्तुरी पाणी घालून वाढते. किल्ल्या हरवल्या तर त्या जागेवर येऊन बसतात. मला वाटायचं, माझं घर किती सुरळीत चाललं आहे.

विसरण्याची मला तेवढी भीती वाटत नाही. आपल्या आजीला शेवटी घरची माणसंही ओळखू येत नव्हती, तरी ती हसायची. मला भीती वाटते ती याची: मला जे नवं वाटेल ते जुनं आहे हे मला कुणी सांगणार नाही. मग मी दर भोगीला आनंदाने तीच कविता लिहीन, आणि सगळे छान म्हणतील, मी मरेपर्यंत. एवढ्या सगळ्या मायेत मला खरं काय ते फक्त तुझ्या रागाने सांगितलं.

म्हणून तुझ्याकडे एक मागणं आहे. पुढच्या संक्रांतीला मी तुला कविता पाठवीन. ती तू डब्यातल्या कागदांशी ताडून पाहा. जुनी असेल तर सरळ लिही, जुनी आहे. "फरक असेलही" वगैरे लिहायचं नाही. मला तुझी शपथ हवी. तुझ्या जिभेला हाड नाही हे आजवर तुझं वैगुण्य म्हणून सांगत आले. आता तेवढ्याच एका गोष्टीचा मला आधार आहे.

तुझा कागद परत पाठवते. तो तुझाच आहे.

तुझी,
अक्का

*

कुर्डुवाडी
३० मार्च १९७६

ती. अक्कास,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुला समजावलं होतं की सगळेच विसरतात, मीही परवा दूध गॅसवर ठेवून देवळात गेले. दुसऱ्यात डॉक्टरांचं नाव होतं. तिसऱ्यात नुसतीच रडारड. यांनी यंत्र लावून विचारलं, "एवढे कागद कशाला फाडतेस?" मी म्हटलं, खोटं लिहायला शिकते आहे. हे म्हणाले, "आता या वयात काय जमणार."

त्या दिवशी पोस्टात रांगेत उभी राहून मी केवढ्या तोऱ्यात ते पाकीट रजिस्टर केलं. शिक्का पडताना मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता रोज आठवतं.

तू मला परीक्षक नेमते आहेस. मला नको होतं हे काम. जगातलं दुसरं काहीही माग. मी येऊन तुझ्याकडे राहते, तुझ्या भाजीत मीठ टाकते, किल्ल्या कमरेला बांधते. पण तुझी कविता हातात घेऊन डबा उघडायचा, आणि तू तिकडे पोस्टमनची वाट बघत बसलेली, हे मला सोसणार नाही.

तरी शपथ घेते. सिद्धेश्वराची शपथ. जुनी असली तर जुनी लिहीन.

माझीही एक अट आहे. मी जुनी लिहिलं म्हणून तू लिहायचं सोडायचं नाहीस.

नीला

*

सोलापूर
१९ डिसेंबर १९७६

चि. नीला हिस आशीर्वाद.

उन्हाळ्यात तू आठ दिवस राहून गेलीस त्याला सात महिने झाले. तू गेल्यावर डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी नाडी पाहिली, आजचा वार विचारला, पंतप्रधानांचं नाव विचारलं, शंभरातून सात वजा करत जायला सांगितलं. मी म्हटलं, हे मला कॉन्व्हेंटातही येत नव्हतं. हसले आणि टॉनिक लिहून दिलं. ह्यांना वेगळं बाहेर बोलावून काय सांगितलं ते हे सांगत नाहीत. मी आता विचारतही नाही. त्यांना वाटतं, मी विसरले.

संक्रांत जवळ आली तसं घर माझ्याभोवती चवड्यांवर चालतं आहे. हे म्हणतात, "दरवर्षीप्रमाणे लिही की." कस्तुरी म्हणते, "आत्या, जुन्याच द्या, लोक कुठे लक्षात ठेवतात?" पोर चांगल्या मनाने म्हणाली. मी तिला सांगितलं, यंदा तीस फण्या आण. तिला वाटलं चेष्टा करते. मग तिचा चेहरा पडला. पण फण्या आल्या, छान आहेत, काळ्याभोर. बायका खूश होतील. फणी निदान रोज लागते.

कविता एकच, तुझी. आणि तीच होत नाही. पूर्वी ओळी येत नव्हत्या. आता येतात, पण नव्याने येतात की परत येतात, ते मला कळत नाही. एखादी फार सुरेख आली की मी घाबरते. सुरेख आहे म्हणजे जुनीच असणार. खोडून टाकते. परवा एक ओळ आली, चंदनाच्या खोडावरची. दिवसभर ती घेऊन फिरले, जिन्यावर, न्हाणीत, देवापुढे. संध्याकाळी रंभाबाईला म्हणून दाखवली. ती म्हणाली, "ही न्हाय ऐकली. पर बाई, मी तुमच्यात धा वर्सं हाय, त्येच्या आदीचं मला काय ठावं?" ती ओळही खोडली.

कधी वाटतं, तुला लिहावं की तुझ्या शपथेतून तुला सोडलं. मग वाटतं, तुला सोडलं तर माझ्याजवळ काय राहिलं?

तू यावर उत्तर लिहू नकोस. धीर देशील, आणि मला तो नको आहे.

अक्का

*

सोलापूर
१५ जानेवारी १९७७

चि. नीला हिस,

वाण पाठवते आहे. काल दुपारी लिहिलं. सुमंगला इथे नव्हती. मी कस्तुरीला विचारून खात्री केली, आणि तिच्याकडून कागदाच्या मागे तारीख टाकून घेतली.

नीला, तू मला खोटं सांगणार नाहीस
म्हणून तुला भिऊन लिहिते आहे.
दुपारी कपाट उघडून उभी राहते,
काय घ्यायला आले होते ते जातं.
मग एका पातळाची घडी मोडते
आणि तीच घडी पुन्हा घालते,
कुणी दारात आलं तर
काम करते आहे असं वाटावं.

बसवत नाही. तिळगूळ कस्तुरीच्या हातचा आहे.

दाक्षायणी

*

कुर्डुवाडी
२० जानेवारी १९७७

ती. अक्कास नीलाचा साष्टांग नमस्कार.

पाकीट परवा सकाळी आलं. मी ते संध्याकाळपर्यंत फोडलं नाही. दळण आणलं, मुलाला पत्र लिहिलं, पोथी वाचली. हे दोनदा म्हणाले, "सोलापूरचं पाकीट आहे." शेवटी यांनी यंत्र कानाला लावलं आणि समोर येऊन बसले. मग फोडावंच लागलं.

मोठ्याने वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला माझा आवाज गेला. पुढचं यांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली, यांनी कविता वाचण्याची ही पहिली वेळ. "पातळाची" शब्दावर अडखळले.

मग मी डबा उपसला. सगळे कागद चटईवर सालवार मांडले आणि एकेक करून ताडून पाहिले. यांनी कंदील धरला, वीज गेली होती. एकदा पाहिले, मग मनाचं समाधान होईना म्हणून उलटीकडून पुन्हा पाहिले. कॉन्व्हेंटातली तुझी वहीसुद्धा माझ्याकडे आहे, तीही पाहिली.

शपथ घेतली आहे म्हणून सगळं सांगते. ही कविता चांगली नाही. यमक एकही जुळत नाही. पहिल्या दोन ओळी एका चालीत, पुढच्या सहा दुसऱ्या चालीत. सिस्टर आग्नेसनी वही तोंडावर परत दिली असती. वाण म्हणून कुणी कुणाला असलं देत नाही. मला ती वाचावी लागली याचं फार वाईट वाटलं, आणि रात्रभर वाटत राहिलं.

पण अक्का, नवी आहे. यातली एक ओळ, एक अक्षर तू मला आधी कधी लिहिलेलं नाहीस.

डब्यात ठेवली आहे. पुढच्या वर्षी हीच आली, तर तसं कळवीन.

तुझी,
नीला